एका पगाराचे बूट

धुळ्याला आग्रा रोडवर लढाईतून उरलेला माल विकणारं एक दुकान होतं. लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली होती, देश स्वतंत्र झाला होता, तरी त्या दुकानात अजून खाकी रंगाचाच उजेड असायचा. छताला कॅनव्हासच्या पिशव्या टांगलेल्या, कोपऱ्यात तंबूच्या खुंट्यांचा ढीग, आणि सगळ्यावर ताडपत्रीचा आणि जुन्या तेलाचा वास. त्या वासात उभं राहिलं की आपण कुठल्या तरी लांबच्या प्रवासाला निघालोय असं वाटायचं. मी त्या दिवाळीत घरी आले होते आणि आईसाठी कंदील घ्यायला म्हणून आत शिरले होते. तिथे ते बूट दिसले.

तपकिरी रंगाचे, घोट्याच्या वर येणारे, दुहेरी शिवणीचे. तळाला जाड चामडं आणि त्यात बारीक खिळे. दुकानदार म्हणाला, "पलटणीतल्या बायकांसाठी विलायतेहून आलेले. एवढ्या लहान मापाचा पाय इथे कुणा पुरुषाचा नाही, म्हणून पडून आहेत."

"मग भाव कमी करा की."

"पडून आहेत म्हणून ते वाईट झाले का बाई?" तो शांतपणे म्हणाला. "आणखी दहा वर्षं राहतील. मला घाई नाही."

भाव म्हणजे माझा एका महिन्याचा सगळा पगार होता.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. सुईणीचं शिक्षण पुरं करून रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच लागले होते. गाव केळीच्या बागांत बुडालेलं, पण माझं काम निम्मं गावात आणि निम्मं वर डोंगरातल्या पाड्यांवर. तिथे रस्ता नव्हता. पहिल्या चार महिन्यांत माझ्या तीन जोडी चपला तुटल्या होत्या, आणि एकदा नाल्याच्या गोट्यांवरून घसरून मी औषधांच्या पेटीसकट पाण्यात बसले होते. त्या दिवशी ज्या बाईकडे निघाले होते तिच्याकडे पोचलेच नाही. तिचं नीट झालं, पण माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं. दुकानात त्या बुटांत पाय घातला, नाडी आवळली, आणि घोटा कुणीतरी हातात धरल्यासारखा वाटला. मी ते घेतले. कंदील राहिला.

घरी आईने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. "हाई काय शे? बठ्ठा पगार पायमा घाली दिन्हा?"

"आई, डोंगरात चालायचं असतं गं."

"डोंगरमा लोके चालतस नही का? त्यास्ना पायमा काय शे?"

आबा, म्हणजे माझे वडील, जवळ आले. त्यांनी एक बूट उचलला, तळाला बोटाने टिचकी मारून पाहिली, मग ओसरीवर बसून एरंडेलात भिजवलेल्या फडक्याने दोन्ही बूट तासभर चोळत राहिले. दुपारच्या उन्हात ते चामडं हळूहळू गडद होत गेलं. अजून एरंडेलाचा वास आला की मला ती ओसरी आणि त्यांची वाकलेली मान दिसते.

परतीच्या प्रवासात मी ते पायातच घातले होते. यष्टीने जळगाव, तिथून भुसावळवरून जाणाऱ्या पॅसेंजरने रावेर, आणि पुढे बैलगाडी. रावेरच्या पुढे दोन्ही बाजूंनी केळी सुरू व्हायची. उंच, हिरव्या, एकमेकींवर पानं टाकून उभ्या. गाडी त्यांच्यामधून जाऊ लागली की आवाज कमी व्हायचे, ऊन हिरवं व्हायचं, आणि बैलांच्या घुंगरांच्या तालावर डोळे मिटायला लागायचे. मध्येच एखाद्या बांधावरून एकदम उत्तरेला निळा डोंगर दिसायचा आणि परत पानांत बुडायचा. त्या दिवशी मी डोंगर दिसला की पायांकडे बघत होते आणि स्वतःशीच हसत होते.

दवाखान्याच्या दारात अक्का बसल्या होत्या. त्या आमच्या दवाखान्याच्या आया, पण त्याहून आधी त्या पंचक्रोशीच्या दाई. वय पन्नाशीच्या पुढे. मी यायच्या आधी तीस वर्षं गावातली आणि पाड्यांवरची पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. त्यांच्या जागी शिकलेली पोर आली याचा राग त्यांनी कधी धरला नाही. मला वाट दाखवायला त्याच सोबत यायच्या. त्या आयुष्यभर अनवाणी चाललेल्या. पाऊल रुंद, बोटं पंख्यासारखी पसरलेली, टाचेची कातडी बुटाच्या तळापेक्षा जाड असावी.

माझ्या पायांकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "पोरी, हे पाह्यल्यावर सापालेबी वाट सोडावी लागीन."

गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सहावारी साडी आणि खाली पलटणीचे बूट! एका म्हाताऱ्या नानांनी तर मला थांबवून विचारलं की सरकारने सुईणींनाही आता लढाईवर पाठवायचं ठरवलंय का.

पहिला महिना बुटांनी मला रडवलं. टाचांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. मी कापसाचे बोळे घालून चालायची आणि अक्कांना कळू द्यायची नाही. एका पगाराचं दुखणं विकत घेतलं असं मनात यायचं. मग एका सकाळी आम्ही सुकी नावाच्या नदीच्या कडेने वर जात होतो, आणि बरंच अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आज पाय दुखत नाहीत. एवढंच नाही, मी कितीतरी वेळ पायांकडे बघितलंच नव्हतं.

त्या आधी माझं डोंगरातलं चालणं म्हणजे खाली बघणं होतं. पुढचा दगड, पुढचा काटा, पुढचं पाऊल. सहा महिने मी त्या वाटेने जात होते आणि मला विचारलं असतं की तिथे काय आहे, तर मी म्हणाले असते, दगड आहेत. त्या सकाळी पहिल्यांदा मान वर करून चालले. सालईची झाडं दिसली, फिकट अंगाची, कागदासारखी साल सुटलेली, चांदणं प्यायल्यासारखी उभी. अंजनाच्या पानांतून ऊन गाळून येत होतं. पलीकडच्या कड्यावरून धुकं हळूच निथळत होतं आणि त्यात एक मोर ओरडला, दिसला मात्र नाही. मला वाटलं, मी कुणाच्या तरी घरात इतके दिवस मान खाली घालून येत-जात होते, आणि आज पहिल्यांदा त्या घराचे डोळे बघतेय.

"काय पाहू राह्यली वं?" अक्कांनी विचारलं.

"झाडं."

"झाडं काय पळू राह्यली का?" त्या म्हणाल्या, आणि माझी गंमत वाटून हसत पुढे चालू लागल्या.

त्या वर्षभरात मला प्रत्येक वळणावरचं झाड ओळखू यायला लागलं. अक्कांना झाडांचं काही नव्हतं. त्यांची वाट त्यांच्या तळव्यांत होती. एकदा मी पायवाट सोडून जरा बाजूने चालत होते, तर त्या पुढूनच म्हणाल्या, "वाटेवर ये. आवाज बदलला तुह्या पायाचा." मी कुठे आहे हे त्यांना कळलं होतं, मला नव्हतं. मग थांबून त्यांनी माझ्या बुटांकडे बोट केलं. "तुले काटा नाई लागत, पन तुले जमीनबी नाई समजत."

पावसाळ्यात बुटांची ऐट उतरली. गाव ते डोंगराचा पायथा एवढं सगळं काळं रान. ती माती ओली झाली की बुटाला धरायची आणि सोडायची नाही. पावलागणिक वजन वाढत जायचं. एकदा पाय वर आला आणि बूट चिखलातच राहिला. एका पायावर उभी राहून मी हात हलवत होते आणि अक्का बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. शेवटी मी दोन्ही बूट नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवले आणि गुडघाभर चिखलातून अनवाणी गेले. पायथ्याला, जिथे खडक लागतो, तिथे ओढ्यात पाय धुऊन परत बूट घातले. तेव्हापासून पावसाळाभर तेच. बूट अर्धी वाट माझ्या पायांत असायचे आणि अर्धी वाट माझ्या गळ्यात.

पुढच्या फाल्गुनात एक दिवस अक्का लंगडत आल्या. चार दिवसांपूर्वी टाचेत बोरीचा काटा मोडला होता आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. टाच सुजून लाल झाली होती. मी चीर देऊन पू काढला, पट्टी बांधली आणि बजावलं, "आठ दिवस पाय जमिनीला लावायचा नाही."

दुसऱ्याच दिवशी सकाळी, उन्हं जरा वर आली असतील, डोंगरातून एक म्हातारा आला. सगळ्यात वरच्या पाड्यावरचा. येऊन तो पायरीवरच बसला, त्याला धाप लागली होती. त्याच्या सुनेला आदल्या दुपारपासून कळा येत होत्या आणि सुटका होत नव्हती. त्या पाड्यावर मी एकदाच गेले होते, आणि तेही अक्कांच्या मागून.

अक्का लगेच उठल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "दे ते बूट. मी येते. बुटात काय लागते टाचेले?"

मी बूट काढून दिले. त्यांनी चांगल्या पायाने सुरुवात केली. बोटंसुद्धा आत गेली नाहीत. नाड्या पूर्ण काढल्या, जीभ मागे ओढली, तरी त्यांचं पाऊल त्या विलायती साच्यात मावेना. पन्नास वर्षं मोकळं वाढलेलं पाऊल ते. त्यांनी बूट खाली ठेवला. मी त्यांना कधी हतबल झालेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"मी जाते," मी म्हणाले. "मला वाट सांगा."

म्हाताऱ्यात परत चढायची ताकद नव्हती. अक्कांनी त्याला पाणी पाजलं आणि मला वाट सांगितली. पण ती त्यांच्या तळव्यांची वाट होती. "नाल्यापुढं माती मऊ लागते. मंग खडे. खडे सरले का पायाले गार लागते, तठून डाव्या अंगाले चढ. वर गेलं का पाला लागीन. पाल्यात वाट दिसत नाई, पन असते. सोडू नको."

मी पेटी खांद्याला लावली आणि निघाले. नाल्यापर्यंत मी धावलेच म्हणायचं. मग खडक सुरू झाला, आणि मी मान वर केली. गार कुठे लागतं हे मला बुटांतून कळणार नव्हतं, पण दोन जुन्या उंबरांची एकत्र झालेली सावली मला माहीत होती. गारवा तिथेच असणार. तिथून डावीकडे चढले. खिळ्यांचे तळ दगड पकडत होते, एकदाही घसरले नाही. पळस फुलले होते. पान एकही नाही, नुसता शेंदरी रंग उन्हात तरंगत होता, आणि त्याखालून मी एकटी, इतक्या शांततेत की माझाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा. भीती वाटायला हवी होती. पण सगळं स्वप्नात घडावं तसं हलकं वाटत होतं, जणू डोंगर आपणहून माझ्या खालून मागे सरकतोय.

वरच्या सपाटीवर साग होता. पूर्ण उघडा. जमिनीवर त्याची मोठमोठी वाळली पानं, घोट्यापर्यंत, सगळीकडे सारखी. वाट संपली होती. चारी बाजूंना तेच उभे खांब आणि तोच पाला. मी पन्नास पावलं गेले, थांबले, परत फिरले. आता मी आले कुठून तेही कळेना. झाडं बघितली, पण सागाचं रान सगळं एकसारखं असतं; त्यात ओळखीचं काही नव्हतं. पाड्यावर ती बाई कालपासून तळमळत होती आणि मी पानांत उभी होते.

आणि मग खाली बसून मी नाड्या सोडल्या.

बूट हातात घेतले आणि पाला पायाने चाचपत हळूहळू फिरले. पानांखाली माती भुसभुशीत होती, काड्या टोचत होत्या. पुन्हा चार पावलं. पुन्हा भुसभुशीत. आणि मग एकदम तळव्याला कठीण, गुळगुळीत असं काहीतरी लागलं, सारवलेल्या जमिनीसारखं. कितीतरी पिढ्यांच्या पावलांनी चोपलेली वाट. हातभरच रुंद. तिच्यावरून उतरलं की लगेच कळायचं. मी तळव्यांनी ती धरून ठेवली आणि चालत राहिले. साग संपला, पलीकडचा दगडी उतार दिसला आणि त्याखाली झोपड्यांचा धूर. काट्यांनी पायांतून रक्त आलं होतं. उतारावर मी परत बूट घातले.

झोपडीत अंधार होता, चार बायका होत्या, आणि ती. ओठ कोरडे पडलेले, पण डोळे जागे. मी हात धुतले, तपासलं. मूल पायाळू होतं. काही वेळाने आधी एक इवलं पाऊल बाहेर आलं, निळसर, ओलं. अशा वेळी सगळ्यात अवघड काम म्हणजे ओढायचं नाही. मी नुसता हात खाली धरून बसले, तिला म्हणत राहिले, "आता दम घे. आता जोर लाव." तिला माझी भाषा फारशी येत नव्हती आणि मला तिची. दुसरी बाई तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत होती, त्याच चालीवर मी बोलू लागले. खांदे आले, मग एकेक हात, आणि शेवटी मी बाळाला हळूच वर उचललं आणि डोकं सुटलं. ते रडलं नाही. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. झोपडीत कुणी हललं नाही. मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला, आणि नंतर चांगला मोठा.

मुलगी होती. आईसुद्धा वाचली. दारातून तिरपं ऊन आत आलं तेव्हा दोघी झोपल्या होत्या आणि कुणीतरी माझ्यापुढे ताडाच्या पानावर भाकरी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी खाली उतरताना, उंबरांपाशी, अक्का बसलेल्या दिसल्या. मी ओरडलेच, "पाय लावू नका म्हटलं होतं ना!"

"लावला कुठी?" त्यांनी पाय पुढे केला. केळीच्या खोडाचं सोपट, ते जाड, गार, पाण्याने भरलेलं, त्यांनी टाचेभोवती तीन थरांनी गुंडाळलं होतं आणि केळीच्याच दोरीने बांधलं होतं. गादीसारखं. बागेतून फुकट मिळालेलं. मी ते दाबून पाहिलं आणि मला कबूल करावं लागलं की एवढा मऊ बूट विलायतेतही होत नसेल. दोन दिवसांत वाळून जाणार, एवढंच.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी. पायाळू."

"आन् तू एकटीनं?" त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी सागातली गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. माझे बूट काढायला लावून त्यांनी माझे ओरखडलेले तळवे मांडीवर घेतले आणि त्यांतले काटे एकेक करून काढत बसल्या.

मला पुढे कितीतरी जणांनी विचारलं, बुटांचे पैसे वसूल झाले का. मी त्या प्रश्नावर पुष्कळदा घुटमळले आहे. चिखलात त्यांचा उपयोग शून्य होता. सागाच्या पाल्यात ते अडचणच होते. पण ते नसते तर मी उंबरापर्यंत वेळेवर पोचले नसते, आणि ते उंबर मला ओळखू आले नसते. एका पगारात मला ती सगळी झाडं मिळाली, असं मी धरते. महाग वाटत नाही. मात्र "त्यास्ना पायमा काय शे?" या आईच्या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

अक्कांची टाच बरी व्हायला महिना लागला. त्यानंतर एका बाजारच्या दिवशी मी त्यांना बळेच रावेरला मोच्याकडे नेलं. त्याने कागदावर त्यांचं पाऊल काढलं, कागद पुरला नाही, दुसरा जोडला. जाड चामड्याचे, पुढून हातभर रुंद वाटावेत असे जोडे त्याने केले. माझ्या बुटांपेक्षा कितीतरी स्वस्तात. अक्कांनी ते पंधरा दिवस फडताळात ठेवले. मग एका सकाळी वरच्या पाड्यावर त्या पायाळू मुलीला बघायला निघालो तेव्हा त्यांनी ते पायांत घातले होते.

खडकाच्या चढावर त्या नेहमीसारख्या माझ्या पुढे होत्या. मध्येच थांबल्या. मला वाटलं, जोडे चावले असतील. पण त्या मान मागे टाकून वर बघत होत्या. कड्याच्या तोंडाशी एका वाळक्या झाडावर गिधाडांची घरटी होती, तीन-चार, काटक्यांचे मोठे ढीग, आणि त्यांवर पांढुरकी पिलं माना हलवत होती.

"हे कधीपासून हाये इथी?" त्यांनी विचारलं.

"मी दीड वर्ष बघतेय, अक्का."

"तीस वर्सं झाली मले ह्या वाटेनं," त्या म्हणाल्या. पदराने कपाळ पुसलं आणि एका दगडावर बसल्या. मीही बसले. पाड्यावर पोचायला त्या दिवशी आम्हाला फार उशीर झाला.